खैरात नव्हे, अमानत



गेल्या वर्षीची गोष्ट आहे. एके दिवशी शाळा सुटल्यावर आमची एक माजी विद्यार्थिनी मला भेटायला आली. दहावीपर्यंत ती आपल्याच शाळेत होती. आता ती रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला शिकत होती आणि आधीची दोन्ही वर्षे वर्गात पहिली आली होती. तिच्या हातात एक कागद होता. परदेशात एम.एस्सी. करण्यासाठी मिळणाऱ्या एका शिष्यवृत्तीची माहिती तिच्या प्राध्यापकांनी तिला काढून दिली होती. फी, विमानाचे भाडे, राहण्याजेवण्याचा खर्च, सारे काही त्या शिष्यवृत्तीतून मिळणार होते.

"मग अर्ज भरलास का?" मी विचारले.

ती खाली मान घालून म्हणाली, "सर, अब्बा नको म्हणतात. ते म्हणतात, आम्ही आजवर कोणापुढे हात पसरला नाही. पोरीच्या शिक्षणासाठी खैरात घ्यायची नाही."

तिचे अब्बा शिंपी आहेत. बाजारात त्यांचे छोटेसे दुकान आहे. माणूस कष्टाळू आणि स्वाभिमानी. त्यांचे शब्द ऐकून मला राग आला नाही, कारण हेच शब्द मी माझ्या घरीही ऐकले होते.

माझे वडील यंत्रमागावर कामाला होते. २००९ साली मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर परदेशी शिक्षणासाठी मिळणाऱ्या एका शिष्यवृत्तीची सूचना लागली. मी अर्ज घरी आणला. अब्बांनी तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. "आपले हातपाय धड आहेत. दुसऱ्याचा पैसा आपल्याला नको," एवढेच ते बोलले. मी गप्प बसलो. अर्जाची मुदत निघून गेली. पुढे मी बी.एड. केले आणि शिक्षक झालो. शिक्षक झालो याची मला खंत नाही. हे काम मला प्रिय आहे. खंत एकाच गोष्टीची आहे. तो पैसा कोणाचा, तो कशासाठी देतात, घेणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते, यांपैकी काहीही मी विचारले नाही. अब्बांनाही ते ठाऊक नव्हते. ठाऊक नसलेल्या गोष्टीला आम्ही दोघांनी मिळून नकार दिला. तो कोरा अर्ज अजून माझ्या पेटीत आहे.

म्हणून आज तुमच्याशी या विषयावर बोलावेसे वाटते. तुम्ही नववी-दहावीत आहात. परदेशी शिक्षण तुम्हाला फार लांबची गोष्ट वाटेल. पण शिष्यवृत्तीविषयीची समजूत याच वयात घडते आणि ती चुकीची घडली, तर पुढे दार उघडे असूनही आपण उंबरठ्यावरून परत फिरतो.

प्रथम शब्दांकडे पाहू. उर्दूत आपण 'वजीफा' म्हणतो, मराठीत 'शिष्यवृत्ती'. वृत्ती म्हणजे निर्वाहाचे साधन. शिष्याला निश्चिंतपणे शिकता यावे म्हणून केलेली निर्वाहाची सोय, ती शिष्यवृत्ती. खैरात माणसाची गरज पाहून दिली जाते आणि ती घेणाऱ्याने पुढे काय केले, हे कोणी विचारत नाही. शिष्यवृत्तीचे तसे नाही. ती देताना विद्यार्थ्याची पात्रता पाहतात आणि दिल्यावर त्याने काय केले, याचा हिशेबही मागतात. ज्याचा हिशेब द्यावा लागतो, त्याला आपण काय म्हणतो? अमानत. मराठीतही हा शब्द आहे, फक्त अक्षरे जरा इकडची तिकडे झाली आहेत. ग्रंथालयात किंवा प्रयोगशाळेत आपण 'अनामत रक्कम' भरतो, ती अनामत म्हणजे आपली अमानतच. शिष्यवृत्ती ही अशी अमानत आहे, असे माझे मत आहे. इतिहासातही याचे दाखले सापडतात.

सर सय्यद अहमद खान यांचे नाव तुम्हाला परिचित आहे. १८६९ साली त्यांचे चिरंजीव सय्यद महमूद यांना इंग्लंडमध्ये शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. मुलाबरोबर सर सय्यदही इंग्लंडला गेले. मुलगा केंब्रिजमध्ये शिकू लागला आणि वडील तिथली विद्यापीठे डोळसपणे पाहू लागले. शिक्षण कसे देतात, मुले एकत्र कशी राहतात, याचा त्यांनी अभ्यास केला. १८७० साली परत आल्यावर त्यांनी 'तहजीब-उल-अखलाक' हे नियतकालिक काढले. १८७५ साली अलीगढला शाळा सुरू झाली, १८७७ साली तिथे महाविद्यालयाचा पाया घातला गेला आणि १९२० साली त्याचेच अलीगढ मुस्लिम विद्यापीठ झाले. सय्यद महमूद बॅरिस्टर होऊन परतले, त्या महाविद्यालयाच्या योजनेत त्यांनी वडिलांना साथ दिली आणि पुढे ते अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. शिष्यवृत्ती एका मुलाला मिळाली होती. तिचा लाभ आजपर्यंत किती मुलांना झाला, याची मोजदाद कोण करणार? सर सय्यदांसारखा मानी माणूस मुलाची शिष्यवृत्ती नाकारून घरी बसला नाही, हे लक्षात ठेवा.

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी.ए. झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना परदेशी शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ही शिष्यवृत्ती फुकट नव्हती. शिक्षण संपल्यावर बडोदा संस्थानाची नोकरी करण्याचा करार त्यांना करावा लागला होता. १९१६ साली ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. करार पाळण्यासाठी ते बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. तिथे त्यांना अस्पृश्य म्हणून राहायला जागासुद्धा मिळू दिली नाही आणि शेवटी बडोदा सोडावे लागले. तरी त्यांनी हार मानली नाही. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, एका पारशी मित्राने कर्ज दिले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली त्यांना तिथली डी.एस्सी. ही पदवी मिळाली. त्यांनी देशाला काय दिले, हे मी वेगळे सांगायला नको. आपण ज्या राज्यघटनेखाली नागरिक म्हणून जगतो, ती घडवताना त्यांची विद्या कामाला आली. शिष्यवृत्ती घेतल्याने बाबासाहेबांचा स्वाभिमान तसूभरही कमी झाला, असे कोणी म्हणू शकेल काय?

तिसरे उदाहरण व्यक्तीचे नसून एका कल्पनेचे आहे. १८९२ साली जमशेटजी टाटा यांनी परदेशी शिक्षणासाठी एक निधी स्थापन केला. या निधीतून विद्यार्थ्याला रक्कम मिळते ती कर्जाऊ. शिक्षण पूर्ण करून कमावता झाल्यावर त्याने ती परत करायची आणि ती रक्कम नव्या विद्यार्थ्याच्या उपयोगी पडायची. विहिरीतून पाणी उपसावे आणि झऱ्याने ती पुन्हा भरावी, तशी ही योजना आहे आणि सव्वाशे वर्षांहून अधिक काळ ती चालू आहे. केरळमधल्या एका गरीब दलित कुटुंबातले के. आर. नारायणन हिच्या मदतीने लंडनला शिकले आणि १९९७ साली भारताचे राष्ट्रपती झाले. कोल्हापुरात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर १९५७ साली याच शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले. तिथे त्यांचे मोठे नाव झाले. तरी १९७२ साली ते भारतात परतले, १९८८ साली पुण्यात 'आयुका' ही संशोधन संस्था त्यांनी उभी केली आणि तुमच्यासारख्या मुलांसाठी सोप्या मराठीत विज्ञान लिहिले. २०२५ साली ते आपल्यातून गेले. घेतलेली अमानत कशी फेडावी, याचा तो वस्तुपाठ होता.

आता कोणी म्हणेल, "सर, ही मोठ्या माणसांची उदाहरणे झाली. आमच्यासाठी आज काय आहे?"

आहे, आणि पुष्कळ आहे. ब्रिटनची राष्ट्रकुल शिष्यवृत्ती १९५९ साली ठरलेल्या योजनेतून मिळते. अमेरिकेत शिकण्यासाठी फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्ती आहे. तिचे मूळ १९५० साली झालेल्या भारत-अमेरिका करारात आहे. जर्मनीची 'डाड' ही संस्था परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देते. युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडस या योजनेत एकाच पदवीसाठी दोन-तीन देशांतल्या विद्यापीठांत शिकता येते. जपान सरकारची शिष्यवृत्ती तर बारावीनंतरच्या विद्यार्थ्यांनाही मिळू शकते आणि आधी एक वर्ष जपानी भाषा शिकवली जाते. आपल्या देशात टाटा निधीखेरीज के. सी. महिंद्रा शिक्षण न्यास उच्च शिक्षणासाठी बिनव्याजी कर्ज देतो. महाराष्ट्र शासनाची अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे आणि अल्पसंख्याक समाजांतील विद्यार्थ्यांसाठीही शासनाने अशी योजना सुरू केली आहे.

मात्र दोन गोष्टी नीट समजून घ्या. पहिली ही की, यांतल्या बहुतेक शिष्यवृत्त्या पदवीनंतरच्या शिक्षणासाठी आहेत. म्हणजे आधी इथल्याच महाविद्यालयात मन लावून पदवी घ्यायची आणि मग बाहेर पाहायचे. दुसरी गोष्ट, योजना बदलतात. केंद्र सरकारची 'पढो परदेश' नावाची एक योजना होती. परदेशी शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजात ती अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना सवलत देई. २०२२ साली ती बंद झाली. ती बंद व्हायला नको होती, असे मला वाटते, कारण गरीब घरातल्या मुलांना तिचा आधार होता. पण बंद झालेल्या योजनेच्या भरवशावर बसणाऱ्याचे नुकसान दुप्पट होते. म्हणून ऐकीव माहितीवर विसंबू नका. ज्या संस्थेची योजना असेल, तिच्याकडूनच त्या वर्षीचे नियम आणि तारखा समजून घ्या.

आणखी एक सावधगिरीची सूचना. शिष्यवृत्तीला लाजणारी काही घरे दलालाला मात्र लाजत नाहीत! परदेशात डॉक्टर करून देतो असे सांगणाऱ्यांच्या हाती लोक दागिने मोडून, घर गहाण ठेवून लाखो रुपये देतात. परदेशात वैद्यकीय शिक्षण घेऊन भारतात डॉक्टरी करायची, तर 'नीट' ही परीक्षा आधी उत्तीर्ण व्हावीच लागते आणि परतल्यावर इथली परीक्षाही द्यावी लागते. हे दलाल सांगत नाही. जर्मनीत शिक्षण फुकट आहे असेही काही जण सांगतात. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, हे खरे. पण स्वखर्चाने जाणाऱ्याला वर्षभराच्या राहण्याजेवण्याचे पैसे आधीच बँकेत दाखवावे लागतात. २०२४ साली ही रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे दहा लाख रुपयांहून अधिक होती. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही आपली जुनी म्हण अशा वेळी आठवावी. शिष्यवृत्ती मागण्यात कमीपणा नाही. पण न झेपणारे कर्ज काढून परदेशी जाण्यात शहाणपण नाही.

मग आज, या वयात, तुम्ही काय करावे? तहान लागल्यावर विहीर खोदून चालत नाही. तयारी आतापासून हवी.

पहिली तयारी भाषेची. "आम्ही उर्दू माध्यमाची मुले, आम्हाला कोण घेणार?" असे काही जण म्हणतात. मला हे मुळीच पटत नाही. तुम्ही उर्दूत शिकता, मराठी वाचता, हिंदी समजता आणि इंग्रजीही शिकता. चार भाषांची सवय असलेल्याला पाचवी भाषा जड जात नाही. परदेशी विद्यापीठे इंग्रजीची परीक्षा घेतात हे खरे; पण तिला अजून वर्षे आहेत. रोज इंग्रजीचे एक पान वाचा आणि पाच ओळी स्वतःच्या मनाने लिहा. चुका होऊ द्या. चुकणाऱ्याला कोणीतरी सुधारते, गप्प बसणाऱ्याला कोण सुधारणार?

दुसरी तयारी कागदपत्रांची. ऐकायला ही बाब क्षुल्लक वाटते, पण इथेच आपली मुले अडतात. शाळेच्या दाखल्यावर 'मोहम्मद', आधारकार्डावर 'मो.' आणि गुणपत्रिकेवर आणखी तिसरेच काही! वडिलांचे नाव एकीकडे 'शेख' ने सुरू होते, दुसरीकडे 'शेख' शेवटी येते. पासपोर्टाच्या वेळी धावपळ होते आणि मुदत हातची जाते. आज घरी गेल्यावर आपली सर्व कागदपत्रे समोर ठेवा आणि नाव, जन्मतारीख, स्पेलिंग सगळीकडे एकच आहे का ते पाहा. दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वीच दुरुस्ती करून घ्या. उत्पन्नाचा दाखला आणि अधिवासाचा दाखला कुठे मिळतो, हेही माहीत करून घ्या.

तिसरी तयारी स्वतःला ओळखण्याची. शिष्यवृत्तीच्या अर्जात गुणांइतकेच महत्त्व एका प्रश्नाला असते: तुम्हाला हेच का शिकायचे आहे आणि शिकून काय करणार आहात? याचे उत्तर पाठ करून देता येत नाही. एखाद्याच्या मोहल्ल्यात दूषित पाण्याने मुले आजारी पडतात, म्हणून त्याला पाण्याचे शास्त्र शिकावेसे वाटते. कोणाची अम्मी घरी बसून जरीकाम करते आणि तिला योग्य दाम मिळत नाही, म्हणून त्याला अर्थशास्त्र शिकावेसे वाटते. अशी उत्तरे परीक्षकाच्या मनाला भिडतात, कारण ती खरी असतात. शिवाय शिफारसपत्र देणारे शिक्षक तुम्हाला नीट ओळखणारे हवेत. वर्गात प्रश्न विचारणारा विद्यार्थीच शिक्षकांच्या लक्षात राहतो.

आता परतफेडीविषयी. शिकायला गेलेल्याने परत यावे की तिकडेच राहावे, यावर नेहमी वाद होतो. काही शिष्यवृत्त्यांची तर अटच असते की, शिक्षण संपल्यावर मायदेशी परतावे. अट असेल तर ती पाळलीच पाहिजे. दिलेला शब्द मोडणे हा अमानतीत केलेला अपहारच होय. अट नसेल तर मी कोणावर सक्ती करणार नाही. संशोधनासाठी कोणाला तिकडे राहावे लागेल, कोणाच्या घरची अडचण असेल. पण ऋण कोणत्या ना कोणत्या रूपाने फेडले पाहिजे. निदान आपल्या शाळेतल्या दोन मुलांना वाट दाखवावी, एखाद्याचा अर्ज तपासून द्यावा, आपल्या गावाला विसरू नये. ज्या दाराने आपण आत गेलो, ते मागून येणाऱ्यासाठी उघडे ठेवणे हीही परतफेडच आहे.

आता त्या विद्यार्थिनीकडे परत येतो. दोन दिवसांनी मी तिच्या अब्बांच्या दुकानात गेलो. ते मशीनवर बसले होते. मागे खुंटीवर गिऱ्हाइकांचे कपडे टांगलेले होते. मी विचारले, "भाईजान, हे कापड कोणाचे?"

"गिऱ्हाइकाचे."

"मग तुम्ही लोकांकडून फुकट कापड घेता?"

ते हसले. "सर, फुकट कसे? ही तर अमानत आहे. त्याने कापड द्यायचे, मी मेहनत करायची आणि शिवून त्याच्या हवाली करायचे. एक तुकडा इकडचा तिकडे झाला तरी मी जबाबदार."

"गिऱ्हाईक कापड तुमच्याकडेच का देते?"

"माझ्या हातावर भरवसा आहे म्हणून."

"शिष्यवृत्ती म्हणजे हेच कापड," मी म्हणालो. "तुमच्या मुलीच्या हातावर भरवसा ठेवून ते देणार आहेत. शिवून तिलाच द्यायचे आहे."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मशीनचे चाक त्यांनी हाताने थांबवले होते. मग म्हणाले, "कागद आणायला सांगा तिला."

अर्ज गेला. गोष्टीचा शेवट गोड करायचा म्हणून मी खोटे सांगणार नाही. त्या वर्षी तिची निवड झाली नाही. देशभरातून अर्ज येतात, जागा थोड्या असतात. आता ती इथल्याच विद्यापीठात एम.एस्सी. करते आहे आणि संध्याकाळी आमच्या दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते. परवा तिचे अब्बा मला मशिदीबाहेर भेटले. सलाम-दुवा झाली आणि त्यांनी स्वतःहून विचारले, "सर, यंदाच्या अर्जाची तारीख कधी आहे?"

मित्रांनो, माझ्या पेटीतला तो कोरा अर्ज आता कोणाच्याच उपयोगाचा नाही. तुमचा अर्ज कोरा राहू देऊ नका.